माशाच्या पोटातले जंत: कोणते, कुठून येतात आणि कशाने मरतात

सुरमई किंवा वाकटी विळीवर घेतली, पोट चिरलं आणि आतड्यांवर वेटोळं घालून बसलेला एखादा पांढरट जंत दिसला, की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. अख्खा मासा कचऱ्यात जातो, नाहीतर शिळा मासा गळ्यात मारला म्हणून कोळणीच्या नावाने बोटं मोडली जातात. दोन्ही चूक. मासा शिळा झाला म्हणून हा जंत आलेला नसतो, आणि बाजारात माश्या बसल्या म्हणून तर अजिबात नाही. मासा समुद्रात पोहत होता तेव्हापासून तो आत होता. उलट जंत वळवळत असेल तर मासा कडक गोठवलेला नव्हता, एवढं तरी नक्की कळतं.

समुद्रात मोकळ्या वाढलेल्या माशात परजीवी असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तो कोणता, माणसाला बाधतो का आणि स्वयंपाकात मरतो का, एवढंच बघायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, शेवटच्याचं छोटं: नीट शिजवल्याने मरतो, लिंबाने मरत नाही.

जंत माशात येतो कुठून

माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणजे ॲनिसाकिस हा गोलकृमी. त्याचं खरं घर मासा नव्हे, डॉल्फिन आणि देवमासे. त्यांच्या जठरात नर-मादी प्रौढ होतात, अंडी विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी कोपेपॉड किंवा क्रिलसारखे बारीक कवचधारी जीव गिळतात, त्यांना लहान मासे आणि माकुल खातात, आणि त्यांना मोठे मासे. माशाच्या पोटात गेल्यावर अळी आतड्याची भिंत भोसकून बाहेर येते आणि यकृतावर, आतड्यांच्या बाहेरून किंवा पोटाच्या पोकळीत पातळ आवरणात गुंडाळून पडून राहते. माशात ती प्रौढ होत नाही. डॉल्फिनने तो मासा गिळेपर्यंत तिला फक्त थांबायचं असतं.

मोठ्या माशाने लहान मासा खाल्ला तर त्यातली अळी पचत नाही. ती नव्या पोटाची भिंत भोसकून पुन्हा ठाण मांडते. म्हणजे शिकारी मासा जितका मोठा आणि वयाने जास्त, तितक्या त्याच्या पोटात अळ्या साठत जातात. वाकटी, सुरमई, हेकरू, तांबोशी यांच्यात त्या दिसण्याची शक्यता जास्त. प्लवंगांवर जगणाऱ्या लहान बांगड्यात किंवा पापलेटात ती कमी असते, शून्य मात्र नसते.

उष्ण समुद्रांत प्रामुख्याने ॲनिसाकिस टिपिका ही जात आढळते. युरोप आणि जपानकडच्या थंड पाण्यात सिम्प्लेक्स आणि पेग्रेफी या जाती आहेत. हा फरक नुसता पुस्तकी नाही. जपानच्या प्रशांत महासागराकडच्या बाजूला सिम्प्लेक्स जास्त आणि जपानी समुद्राच्या बाजूला पेग्रेफी जास्त. पेग्रेफी माशाच्या मांसात कमी शिरते, आणि तिथल्या रुग्णांमध्ये सापडणाऱ्या अळ्या बहुतेक सिम्प्लेक्सच्या असतात. थोडक्यात, अळी पोटातच राहते की मांसात घुसते यावर बरंच काही अवलंबून आहे.

ॲनिसाकिस जगभर वाढतही आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये जुने सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा 1978 ते 2015 या काळात माशांमधलं त्याचं प्रमाण 283 पट झाल्याचं दिसलं. देवमाशांची शिकार थांबल्यावर त्यांची संख्या सावरली, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं. जंत दिसला की समुद्र घाण झाल्याचा निष्कर्ष काढण्याची जी घाई होते, ती यामुळे जरा आवरायला हवी. हे चक्र पुरं व्हायला डॉल्फिनपासून कोपेपॉडपर्यंत सगळी साखळी शाबूत लागते.

विळीवर काय दिसतं, त्यावरून काय ओळखायचं

रंग, जागा आणि आकार या तीन गोष्टी पाहिल्या तर घरच्या घरी बऱ्यापैकी अंदाज येतो.

ॲनिसाकिसची अळी 2 ते 3 सेंमी लांब, पांढरट आणि दोऱ्याएवढी जाड असते. बहुतेक वेळा ती छोट्या जिलबीसारखी चपटी गुंडाळी करून बसलेली दिसते आणि ही गुंडाळी जेमतेम 4-5 मिमीची असते. यकृत आणि आतडी ही तिची आवडती जागा, त्यानंतर पोटाच्या पातळ मांसल पडद्या. थंड समुद्रातल्या कॉडसारख्या माशांत हिचीच एक नातलग सापडते, स्यूडोटेरानोव्हा. ती जास्त लांब आणि तांबूस-तपकिरी असते, आणि सील व समुद्रसिंह हे तिचे यजमान. परदेशातल्या मराठी घरांत कॉड आणला जातो, तिथे तपकिरी जंत दिसला तर तो बहुधा हाच.

गाबोळीत लाल धागा दिसला तर ते वेगळं प्रकरण. फिलोमेट्रा नावाचा गोलकृमी हेकरू, तांबोशी आणि ढोम्याच्या कुळातल्या माशांच्या अंडाशयात राहतो. मादी रक्तासारखी लाल असते आणि काही जातींत कित्येक सेंटिमीटर लांब वाढते. गाबोळीच्या पिवळ्या-केशरी रंगावर ती इतकी उठून दिसते की पाहणारा दचकतोच. माशाच्या प्रजननावर तिचा परिणाम होऊ शकतो, पण ती खाण्यातून माणसाला बाधत नाही. तेवढी काढून टाकावी. फार असतील तर गाबोळी टाकून द्यावी, मासा खुशाल ठेवावा.

सुरमई, ढोमा, हेकरू यांच्या पोटाच्या पोकळीत किंवा मांसात 5 ते 10 मिमीच्या पांढऱ्या लांबट पिशव्या दिसतात आणि दाबल्यावर आतून एक मऊ पांढरा जीव बाहेर येतो. त्या ट्रायपॅनोरिंक गटातल्या पट्टकृमीच्या अळ्या. त्यांचे अंतिम यजमान मुशी आणि पाखट, म्हणजे शार्क आणि रे. डोक्याजवळ काटेरी आकड्यांच्या चार सोंडा असतात, त्या भिंगाखाली दिसतात. माणसात हा कृमी वाढत नाही. पण मांसात असा गाठींचा खच असेल तर चव आणि मनाची तयारी दोन्ही जातात, तेव्हा तो भाग कापून टाकावा. शास्त्रज्ञांना मात्र यांचा चांगला उपयोग होतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर सुरमईचे वेगवेगळे समूह एकमेकांत मिसळतात की नाही हे शोधताना कोणत्या भागातल्या माशात कोणता परजीवी किती, हाच खुणेचा शिक्का म्हणून वापरला गेला.

कुप्याच्या कल्ल्यांवर किंवा मांसात पिवळे ठिपके, आत बारीक पिवळी दोरी गुंडाळलेली: हे डिडिमोझोइड नावाचे चपटे कृमी. निरुपद्रवी. कल्ल्यात किंवा तोंडात पाय असलेला, चपटा, राखाडी-पांढरा किडा बसलेला असेल तर तो जंतच नव्हे. तो आयसोपॉड, खेकडा-कोळंबीच्या दूरच्या नात्यातला. कल्ले तसेही टाकले जातात, त्यांच्याबरोबर तोही जातो.

खाडीच्या माशांबद्दल एक वेगळी सूचना. बोयसारख्या निमखाऱ्या पाण्यातल्या माशांच्या मांसात हेटेरोफिडी कुळातल्या चपट्या कृमींच्या सूक्ष्म गाठी असू शकतात. त्या डोळ्यांना दिसतच नाहीत. गोगलगाय, मासा आणि मासे खाणारे पक्षी-प्राणी असं त्यांचं चक्र. इजिप्तमध्ये नाईलच्या मुखाकडे बोय खारवून न शिजवता खाण्याची पद्धत आहे. फेसीख म्हणतात त्याला. तिथे या कृमींचा आजार जुना आणि ओळखीचा आहे. आपल्याकडे बोय कालवणात रटरटतो किंवा तव्यावर जातो, म्हणून प्रश्न येत नाही. पण "नजरेने तपासला, काही दिसलं नाही, म्हणून कच्चा खाल्ला तरी चालेल" हा हिशेब का चुकतो, ते यावरून कळतं.

सुक्या मासळीतल्या अळ्या

सुके बोंबील किंवा सोडे यांच्या डब्यात वळवळ दिसली तर वरचं काहीही लागू होत नाही. ते समुद्रातले परजीवी नाहीत. मासा ओला असताना त्यावर मोठ्या हिरव्या-निळ्या माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात त्यांतून पांढऱ्या अळ्या निघतात. वलांडीवर बोंबील वाळायला घातल्यावर ढग आले, हवेत दमटपणा वाढला, वाळायला दोन दिवस जास्त लागले की हे घडतं. पूर्ण वाळलेल्या मासळीत केसाळ, तपकिरी अळ्या असतील तर त्या डर्मेस्टेस नावाच्या भुंगेऱ्याच्या. ते साठवणुकीत येतात आणि मांस पोखरून चुरा करतात.

इथे दोष खरोखर हाताळणीचा आणि साठवणीचा असतो. पांढऱ्या अळ्या पडलेली ओलसर मासळी टाकून द्यावी, कारण ती सडायला लागलेली असते. भुंगेऱ्याची किरकोळ सुरुवात असेल तर झटकून, कडक उन्हात तापवून, हवाबंद डब्यात भरता येते. घरी आणलेल्या सुक्या मासळीची पाकिटं आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली तर पावसाळाभर त्रास होत नाही. ज्या सुकटीवर माशी फिरकतच नाही तिच्याबद्दल जरा शंका घ्यावी. वाळवताना कीटकनाशक फवारण्याचे प्रकार बांगलादेशासह काही देशांत आढळले आहेत, आणि ते अळीपेक्षा वाईट.

माणसाच्या पोटात गेला तर

जिवंत ॲनिसाकिस अळी कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशाबरोबर पोटात गेली की तिला आपलं जठर आणि डॉल्फिनचं जठर यातला फरक कळत नाही. ती भिंतीत डोकं खुपसते. काही तासांत पोटात वरच्या बाजूला अचानक जोरदार कळ येते, मळमळ आणि उलट्या होतात. अळी जठरात न अडकता पुढे लहान आतड्यात गेली तर दुखणं काही दिवसांनी सुरू होतं, आणि ते अपेंडिक्स किंवा आतड्याच्या अडथळ्यासारखं वाटू शकतं. माणसात ही अळी प्रौढ होत नाही, अंडी घालत नाही, काही दिवस-आठवड्यांत मरते. पण तोवर आणि मेल्यावरही तिच्याभोवती सूज राहू शकते.

जठरातल्या अळीवर उपाय सरळ आहे: दुर्बिणीतून पाहून चिमट्याने ती ओढून काढतात, आणि वेदना लगेच उतरते. जंताची गोळी घेऊन घरी बसणं हा त्यावरचा भरवशाचा इलाज नव्हे.

हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो 1960 मध्ये, नेदरलँड्समध्ये. तिथे हलकं मीठ लावलेला हेरिंग मासा कच्चा खातात. पुढे 1968 मध्ये तिथे असा हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती झाली आणि रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. जगातले सर्वाधिक रुग्ण जपानमध्ये, साशिमी आणि सुशीमुळे. भारतात अशा नोंदी फार थोड्या आहेत आणि त्याचं कारण आपले मासे स्वच्छ आहेत हे नाही. आपण मासा कच्चा खात नाही, एवढंच.

शिजवणं: कुठे चुकतं

युरोपीय संघाच्या नियमात माशाच्या सगळ्यात आतल्या भागाला किमान 1 मिनिट 60 अंश सेल्सिअस, अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्ल्यात 15 सेकंद 63 अंश. कालवणात हे आकडे लक्षात ठेवायचीही गरज नाही. रटरटत्या रसात 2 सेंमी जाडीची तुकडी 7-8 मिनिटांत त्यापुढे गेलेली असते.

घोळ होतो तो तळताना. मोठ्या आचेवर रवा पटकन लाल होतो, कवच कुरकुरीत दिसतं आणि मधल्या काट्याजवळ मांस कच्चं राहतं. तुकडी 2.5 सेंमीपेक्षा जाड असेल तर मध्यम आच, झाकण, मग शेवटी झाकण काढून मोठी आच. सुरीचं टोक काट्याजवळ घालून पाहावं: मांस दुधट झालं आणि काट्यापासून आपोआप सुटलं तर झालं, काचेसारखं अर्धपारदर्शक किंवा गुलाबी असेल तर परत तव्यावर. अख्खा भरलेला पापलेट किंवा बांगडा करताना दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत चिरा द्याव्यात. मसाल्याचा जाड थर उष्णता आत जाऊ देत नाही. फ्रीझरमधून काढलेली तुकडी गोठलेलीच तव्यावर टाकली तर बाहेर करपते आणि आत थंड राहते. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही, म्हणून तिथे 74 अंश गाठून वर दोन मिनिटं झाकून ठेवावं.

लिंबू, कोकम, चिंच, व्हिनेगर यांनी मांस पांढरं होतं आणि शिजल्यासारखं दिसतं. अळीला काही होत नाही. तिची सगळी घडण जठरातल्या आम्लात टिकायलाच झाली आहे. व्हिनेगरमध्ये ती कित्येक दिवस जिवंत राहते. स्पेनमध्ये मांदेलीच्या कुळातली छोटी मासळी व्हिनेगरमध्ये मुरवून खातात, म्हणून 2006 पासून तिथल्या खानावळींना ती आधी गोठवणं कायद्याने बंधनकारक आहे. वसाबी आणि आलं यांचाही भरवसा नाही, आणि मद्याने ती मरते हा गोड गैरसमज आहे. हलका धूर दिल्यानेही मरत नाही. बर्फाने नुसती सुस्तावते. कोरड्या मिठात पुरून तीन आठवडे ठेवल्यास मरते, पण घरचा खारा बांगडा तसाही भाजून किंवा तळूनच ताटात येतो.

कच्चं खायचंच असेल तर

मुंबई-पुण्यात आता सुशी मिळते, सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा) मिळतं, आणि लोक घरीही करून पाहतात. त्यासाठी गोठवण्याला पर्याय नाही. युरोपात उणे 20 अंशांवर 24 तास किंवा उणे 35 वर 15 तास, तेही माशाच्या गाभ्यात. अमेरिकेत उणे 20 किंवा त्याखाली 7 दिवस. घरच्यासाठी दुसरा आकडाच धरावा, कारण घरचा फ्रीझर बहुतेक उणे 18 च्या आसपास असतो आणि दार उघडझाप झाली की वर चढतो. एका दाराच्या जुन्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा यासाठी कामाचा नाही. दोन किलोचा गठ्ठा एकत्र कोंबला तर त्याचा गाभा गोठायलाच फार वेळ जातो, म्हणून 2-3 सेंमी जाडीची सपाट पाकिटं करावीत आणि पूर्ण कडक झाल्यापासून दिवस मोजावेत. खरं सांगायचं तर बाजारातून आणलेली सुरमई घरी गोठवून कच्ची खाण्याच्या भानगडीत पडूच नये. परजीवी मेले तरी जीवाणू मरत नाहीत. सुशीला बहुधा पिंजऱ्यात वाढवलेला अटलांटिक सामन वापरतात. तो कारखान्यातल्या खाद्यावर वाढतो, त्यामुळे त्यात ॲनिसाकिस जवळपास नसतो. रानटी सामनचं तसं नाही, त्यात माणसात वाढणारा पट्टकृमीही असू शकतो.

साफ करणं

मासा मेल्यावर पोटातल्या काही अळ्या आतड्यांवरून मांसात सरकू शकतात. हे सगळ्याच माशांत सारखं घडत नाही, पण काहींत नोंदलं गेलं आहे आणि उबेत ते वाढतं. त्यामुळे मोठा मासा अख्खा आणून संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवणं वाईट. बाजारातच कोयत्याने पोट साफ करून घ्यावं, बर्फात घालून आणावं. घरी पोकळी बोटाने घासून धुवावी, कण्याखालची रक्ताची काळी रेघ खरवडावी, आणि पोटाच्या पातळ कडांची तुकडी उजेडासमोर धरून पाहावी. मांसातल्या अळ्या बहुतेक तिथेच असतात. कारखान्यांत हेच काम खालून दिवा असलेल्या काचेवर होतं. गडद मांसाच्या बांगड्यात किंवा कुप्यात तेही नीट जमत नाही. प्रयोगशाळेत मांस दाबून पातळ करून, गोठवून अतिनील दिव्याखाली धरतात, मेलेल्या अळ्या निळसर चमकतात.

विळी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये. साफ केलेली आतडी परत खाडीत किंवा समुद्रात फेकू नयेत. दुसरे मासे ती खातात आणि अळीचा पुढचा प्रवास फुकटात होतो.

अंगावर गांधी उठल्या तर

ॲनिसाकिसच्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते आणि त्यातली काही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणजे अळी मेली तरी अशा व्यक्तीला पित्त उठणं, ओठ सुजणं, क्वचित श्वास अडकणं होऊ शकतं. मात्र बांगडा किंवा कुपा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होऊन भगभगला, डोकं ठणकलं, तर बऱ्याचदा कारण जंत नसून हिस्टामिन असतं. बर्फाविना उन्हात राहिलेल्या या माशांत जीवाणू ते तयार करतात आणि शिजवल्यानेही ते जात नाही. एकाच ताटातल्या चौघांना एकदम झालं तर हिस्टामिन, एकालाच आणि वेगवेगळ्या माशांनी वारंवार होत असेल तर ॲलर्जी, असा ढोबळ अंदाज करता येतो. श्वास लागला तर वाट न बघता रुग्णालय गाठावं. डॉक्टरांना मासा कोणता, कच्चा की शिजलेला, किती वाजता खाल्ला आणि त्रास किती वेळाने सुरू झाला, एवढं सांगावं. कच्चा मासा खाल्ल्याचं सांगायला लोक विसरतात, आणि मग दुर्बीण घालायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.